संपली म्हणता म्हणता : काइली मिनोगच्या डिस्को गाण्याची गोष्ट



लग्नाच्या वरातीत डीजेवाला ठेका सुरू करतो आणि कडेवर पोर घेतलेली बाईसुद्धा जागच्या जागी पाय हलवायला लागते. सासरे समोर असले तर पदराआड हलवते, पण हलवते. त्या ठेक्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे, डिस्को. आपल्याकडे हा शब्द घरोघर पोचला तो १९८२ च्या 'डिस्को डान्सर' सिनेमामुळे. मिथुन चक्रवर्तीचा नाच आणि बप्पी लाहिरींचं संगीत. त्याच्याही आधी, १९८० साली, 'कुर्बानी' सिनेमात नाझिया हसन नावाच्या मुलीचं एक गाणं गाजलं होतं. कराचीत जन्मलेली, लंडनला राहणारी, जेमतेम पंधरा वर्षांची शाळकरी पोर. ते गाणं बांधलं बिद्दू यांनी. ते मूळचे बंगळूरचे आणि लंडनमध्ये राहून डिस्कोची गाणी करणारे. नाझियाकडे आम्ही पुन्हा येणार आहोत, तिला विसरू नका.

आजची गोष्ट मात्र ऑस्ट्रेलियातल्या एका गायिकेची आहे, काइली मिनोग. तिशी ओलांडल्यावर जगानं तिला 'संपली' असं ठरवून टाकलं होतं आणि एका डिस्को गाण्यानं ती परत उभी राहिली. इतक्या लांबच्या बाईची गोष्ट का, असं कुणी विचारेल. ऐका तर खरं, मग ठरवा.

आधी डिस्कोचं मूळ सांगतो. 'डिस्कोतेक' हा फ्रेंच शब्द. त्याचा मूळ अर्थ तबकड्यांचा संग्रह. जिथं वादक नसतात आणि तबकड्या लावून माणसं नाचतात, अशा जागेला पुढं ते नाव पडलं. ठेका अगदी सोपा. चार मात्रा असतील तर चारही मात्रांवर मोठ्या ढोलाचा ठोका, मिनिटाला साधारण १२० ठोके. दोघी जणी उखळात आळीपाळीनं मुसळ घालतात तेव्हा हात कसे चुकत नाहीत, तसा हा ठेका. एकदा अंगात बसला की मोजावा लागत नाही. नाच शिकलेला नसला तरी चालतं.

१९७० च्या सुमारास न्यूयॉर्क शहरात हे नाच रंगायला लागले. तिथं नाचणारे कोण होते? काळे लोक, लॅटिन अमेरिकेतून पोटासाठी आलेले लोक, समलिंगी पुरुष, आणि बायका. बाहेर ज्यांना कुणी नीट उभं करत नव्हतं, ते इथं रात्रभर नाचायचे. गाणाऱ्यांमध्ये काळ्या बायका सगळ्यात पुढे होत्या, डोना समर, ग्लोरिया गेनर.

ग्लोरिया गेनरचं थोडं जास्त सांगायला हवं. १९७८ साली ती कार्यक्रमात नाचता नाचता पडली. पाठीच्या कण्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर पाठीला पट्टा बांधून तिनं 'आय विल सर्व्हाइव्ह' हे गाणं रेकॉर्ड केलं. नवरा किंवा प्रियकर सोडून गेल्यावरही मी जगेन, असं सांगणारी बाई त्या गाण्यात आहे. कंपनीला त्याचं महत्त्व वाटलं नाही. तबकडीच्या मागच्या बाजूला ते टाकलं, म्हणजे भरतीचं गाणं म्हणून. पण नाचाच्या ठिकाणी तबकड्या लावणाऱ्यांनी तबकडी उलटी केली आणि मागचं गाणं पुढं आलं. १९८० साली ग्रॅमी पुरस्कारात डिस्कोसाठी वेगळं बक्षीस ठेवलं होतं, ते या गाण्याला मिळालं. तसं बक्षीस परत कधी ठेवलंच नाही.

का नाही ठेवलं? तोवर अमेरिकेत डिस्कोविरुद्ध मोठा राग उठला होता. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या बेसबॉल मैदानावर एका रेडिओवाल्यानं जाहीर केलं की डिस्कोची एक तबकडी आणा आणि ९८ सेंटात आत या. सुमारे ५० हजार माणसं जमली. दोन सामन्यांच्या मध्ये तबकड्यांचा ढीग लावून सुरुंगानं उडवला. लोक मैदानात घुसले, जाळपोळ झाली, दुसरा सामना झालाच नाही. गाणं आवडलं नाही तर माणूस रेडिओ बंद करतो, सुरुंग लावत नाही. आमच्या मते हा राग नुसता गाण्यावर नव्हता. काळे, समलिंगी आणि बायका ज्या गाण्यावर मोकळेपणानं नाचत होत्या, ते गाणं हलकं आहे, असं म्हणणं त्यातून आलं होतं. या 'हलकं'पणाचा छाप काइलीवरही बसला, म्हणून हे सांगितलं.

काइलीचा जन्म मेलबर्न शहरातला, २८ मे १९६८. वडील हिशेबनीस. आई वेल्समधून आलेली, पूर्वी बॅले नाचणारी. काइली लहानपणापासून टीव्हीवर कामं करायची. १९८६ साली ती 'नेबर्स' नावाच्या रोजच्या मालिकेत आली. आपल्याकडे सासू-सुनांच्या मालिका असतात तशीच गल्लीतल्या शेजाऱ्यांची ती मालिका. तिचं काम होतं गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करणाऱ्या मुलीचं. अंगात मळका कामाचा डगला, हातात पाना. ही मुलगी लोकांना इतकी आवडली की मालिकेतलं तिचं लग्न इंग्लंडमध्ये दाखवलं तेव्हा जवळजवळ दोन कोटी लोकांनी ते पाहिलं.

मग गाणं. १९८७ साली तिनं पंचवीस वर्षं जुनं 'द लोकोमोशन' हे गाणं नव्यानं म्हटलं आणि ऑस्ट्रेलियात ते सात आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. त्या जोरावर ती लंडनला गेली. तिथं स्टॉक, एटकेन आणि वॉटरमन हे तिघं गाण्यांचा कारखानाच चालवत होते. गंमत अशी की ही पोर येणार आहे हेच ते विसरले होते. ती बाहेर बसली आणि आत साधारण चाळीस मिनिटांत गाणं तयार झालं. तिनं ते भराभर म्हटलं आणि परत मालिकेच्या कामाला गेली. ते गाणं १९८८ साली इंग्लंडमध्ये पाच आठवडे पहिलं होतं.

पैसा आला, नाव आलं, आणि टोमणेही आले. बजरीगर म्हणजे ऑस्ट्रेलियातला पिंजऱ्यात पाळायचा चिमुकला पोपट. वर्तमानपत्रांनी तिला 'गाणारी बजरीगर' असं नाव ठेवलं. शिकवलेलं बोलते, स्वतःचं काही नाही, असा त्याचा अर्थ. तिची गाणी ऐकणाऱ्या बहुतेक शाळकरी मुली होत्या, आणि मुलींना आवडतं ते पोरकट, असं म्हणायला काही खर्च येत नाही. आपल्या ओव्यांना, मंगळागौरीच्या गाण्यांना बायकांचं काहीतरी म्हणून बाजूला ठेवणारी माणसं आपणही पाहिली आहेत.

टोमणा लागला असणार, कारण पुढची काही वर्षं ती स्वतःला सिद्ध करत राहिली. १९९२ साली तिनं तो कारखाना सोडला. वेगळ्या ढंगाची गाणी केली. निक केव्ह या गंभीर गायकाबरोबर १९९५ साली एक गाणं केलं, त्यात ती खून झालेल्या बाईच्या तोंडून गाते. मग 'इम्पॉसिबल प्रिन्सेस' हा गाण्यांचा संच आला. त्यातले शब्द बरेचसे तिनंच लिहिले होते. पण नशीब बघा. त्या नावात 'प्रिन्सेस' होतं, म्हणजे राजकन्या, आणि ऑगस्ट १९९७ मध्ये राजकन्या डायना अपघातात गेली. इंग्लंडमध्ये संच पुढं ढकलला, नाव बदललं, आणि १९९८ साली आला तेव्हा फारसा खपला नाही. त्याच वर्षाच्या शेवटी तिचं आणि कंपनीचं नातं तुटलं.

वय वर्षं तीस. पॉप संगीताच्या धंद्यात पुरुष चाळिशीत 'मुरलेला' म्हणवतो आणि बाई तिशीत 'उतरलेली'. हे फक्त तिकडचंच आहे असं आम्ही म्हणणार नाही. पण आपल्याकडचं एक उलटं उदाहरणही आहे. सांगलीच्या आशा भोसले १९९५ साली 'रंगीला'साठी गायल्या, तेव्हा त्यांची साठी उलटून गेली होती आणि पडद्यावर त्यांचा आवाज घेणारी नायिका विशी-पंचविशीतली होती. आशाताईंच्या नावावरचं एक इंग्रजी गाणं, 'ब्रिमफुल ऑफ आशा', १९९८ च्या सुरुवातीला इंग्लंडच्या यादीत पहिलं आलं. म्हणजे काइलीला जिथं 'संपली' म्हणत होते तिथंच, त्याच वर्षी.

१९९८ च्या त्या पडत्या वर्षात एक गोष्ट घडली, ती आम्हाला महत्त्वाची वाटते. ऑस्ट्रेलियात तिनं छोट्या नाट्यगृहांत कार्यक्रम केले. त्यात नव्या गंभीर गाण्यांबरोबर आबा या स्वीडनच्या गटाचं 'डान्सिंग क्वीन' हे डिस्कोच्या काळातलं गाणंही ती म्हणायची. लोकांनी ते कार्यक्रम डोक्यावर घेतले. लोकांना ती नाचताना हवी होती, आणि नाचताना तीही खुलत होती. १९९९ साली पार्लोफोन या नव्या कंपनीनं तिला घेतलं आणि गाण्याचा शोध सुरू झाला.

सापडलेलं गाणं दुसऱ्याच बाईसाठी लिहिलेलं होतं. पॉला अब्दुल ही अमेरिकेतली नाच बसवणारी आणि गायिका. १९८८-८९ मध्ये तिनं धूम केली, १९९५ चा तिचा संच पडला. स्वतःच्या पुनरागमनासाठी तिनं आणि तिच्या तीन साथीदारांनी 'स्पिनिंग अराउंड' हे गाणं लिहिलं. त्या चौघांत कारा डिओगार्डी ही आणखी एक बाई होती. पॉलाचा नवा संच काही आला नाही. गाणं काइलीकडं गेलं. एकीनं उठण्यासाठी टेकवलेला हात दुसरीच्या कामी आला, असं म्हणा. पण पॉलाचं नाव लेखकांमध्ये कायम राहिलं. याला अर्थ आहे. गाणं जितकं वाजेल, खपेल, तितके लिहिणाऱ्याला हक्काचे पैसे मिळतात. सातबाऱ्यावर नाव असणं आणि नुसतं शेतात राबणं यातला फरक आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. ओव्या रचणाऱ्या आपल्या आज्यांचं नाव कुठल्याच कागदावर चढलं नाही, हेही इथं आठवतं.

'स्पिनिंग अराउंड' म्हणजे गरगर फिरणं. आमच्यातल्या एकीनं नाव ऐकल्याबरोबर विचारलं, "म्हणजे फुगडीच ना?" तसंच काहीसं. गाण्यातली बाई म्हणते की चुका झाल्या, त्यातून शिकले, जुनी मी आता राहिले नाही, आणि मी पुन्हा नाचायला उतरले आहे. ठेका सत्तरच्या दशकातल्या डिस्कोचा, पण २००० सालच्या यंत्रांवर बांधलेला. विशेष खोल गाणं आहे असं आम्ही म्हणणार नाही. पण रडगाणं नाही, आणि कुणाची क्षमाही मागत नाही.

जून २००० मध्ये ते बाजारात आलं आणि आल्या आल्या इंग्लंडच्या यादीत पहिल्या नंबरवर बसलं. त्या यादीत तिचं गाणं पहिलं यायला दहा वर्षं लोटली होती, आधीचं होतं जानेवारी १९९० मधलं. ऑस्ट्रेलियातही पहिलंच. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला सिडनी ऑलिंपिकच्या समारोपात ती सगळ्या जगासमोर उभी राहिली आणि तिनं पुन्हा 'डान्सिंग क्वीन' म्हटलं. ज्या डिस्कोला वीस वर्षांपूर्वी सुरुंग लावला होता, तो ऑलिंपिकच्या मैदानावर वाजला.

आता त्या चड्डीचं. गाण्याच्या व्हिडिओत काइलीनं सोनेरी रंगाची अगदी आखूड चड्डी घातली आहे. जुन्या कपड्यांच्या बाजारातून ५० पेन्सना आणलेली. व्हिडिओ दाखवला तसं वर्तमानपत्रांत गाण्याचं राहिलं बाजूला, तिच्या पार्श्वभागाची चर्चा महिनोन्‌महिने चालली. यावरून आमच्यात चांगलीच जुंपली. एकीचं म्हणणं, बाईला परत यायचं तर अंगच दाखवावं लागतं, मग यात कसलं मोठेपण? दुसरी म्हणाली, अंग तिचं, मर्जी तिची, व्हिडिओ बनवणारीही डॉन शॅडफर्थ ही बाईच, तुम्हाला काय त्रास? तिसरी म्हणाली, पन्नास पेन्सची चड्डी बघायला सगळं जग जमलं, पण तिनं लिहिलेल्या शब्दांचा संच कुणी विकत घेतला नाही, हे मला बोचतं. आम्ही एकमताला आलो नाही. तिसरीचं म्हणणं मात्र आमच्या मनात घोळत राहिलं. तिचे कार्यक्रमांतले कपडे पुढं मेलबर्नच्या संग्रहाकडं गेले. ती चड्डी २००७ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्येही मांडली होती, तीसुद्धा राजाराण्यांच्या वस्तूंसारखी नीट जपून.

पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, तिचं त्याहून मोठं गाणं आलं, 'कान्ट गेट यू आउट ऑफ माय हेड'. कितीतरी देशांत ते पहिलं आलं. तेही अर्धं एका बाईनं लिहिलेलं आहे, कॅथी डेनिस. तीही आधी गायिका होती आणि मग लिहिण्याकडं वळली.

आणि मग आजार. १७ मे २००५ ला जाहीर झालं की काइलीला स्तनाचा कॅन्सर आहे. वय ३६. ऑस्ट्रेलियातले कार्यक्रम रद्द झाले. त्याच आठवड्यात ऑपरेशन, मग पॅरिसला केमोथेरपी. तीन वर्षांनी तिनं एक गोष्ट सांगितली, ती नीट ऐका. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा डॉक्टरनं 'काही नाही' म्हणून परत पाठवलं होतं. तिला आतून चैन पडेना, ती पुन्हा गेली, तेव्हा कॅन्सर सापडला. समोरच्यानं पांढरा डगला घातला आहे म्हणून तो बरोबरच असेल असं नाही, असं तिचं सांगणं होतं. इतकी पैसेवाली, नावाजलेली बाई, तिलाही 'काही नाही' ऐकावं लागलं.

बातमीचा परिणाम झाला. ऑस्ट्रेलियात त्यानंतरच्या दोन आठवड्यांत स्तनाच्या तपासणीसाठी नाव नोंदवणाऱ्या बायका सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्या. मैत्रिणींनो, आपल्याकडं तीस वर्षांवरच्या बाईची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरसाठी तपासणी करावी, असा सरकारी कार्यक्रम आहे. आरोग्य उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, आशाताईंना विचारा. गाठ लागली, कातडी आत ओढल्यासारखी दिसली, बोंडातून पाणी किंवा रक्त आलं, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, तिथंच बायका फसतात. आणि शंका राहिली तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. त्यात पहिल्याचा अपमान नाही.

नोव्हेंबर २००६ मध्ये सिडनीला काइलीनं तो थांबलेला दौरा पुन्हा सुरू केला. डोक्यावरचे केस अजून आखूड होते. दमू नये म्हणून कार्यक्रमात बदल करून, विश्रांतीला जागा ठेवून ती गायली. २००९ साली ती आपल्या हिंदी सिनेमातही आली. 'ब्लू' चित्रपटात अक्षय कुमारबरोबर, ए. आर. रहमान यांच्या संगीतावर.

आता नाझिया. सगळ्यांच्या गोष्टी अशा वळत नाहीत. पंधराव्या वर्षी हिंदी सिनेमाला डिस्को देणारी, पुढच्या वर्षी फिल्मफेअर पुरस्कार मिळवणारी ही मुलगी फुप्फुसाच्या कॅन्सरनं लंडनमध्ये गेली. वय ३५. तारीख १३ ऑगस्ट २०००. म्हणजे ज्या उन्हाळ्यात काइलीचं पुनरागमनाचं गाणं इंग्लंडभर वाजत होतं, त्याच उन्हाळ्यात, त्याच देशात. या दोन गोष्टी आम्ही शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा स्टुडिओत काही वेळ कुणी बोललं नाही.

काइली अजून गाते आहे. २०२० साली, बावन्नाव्या वर्षी, तिनं गाण्यांचा एक संच काढला आणि त्याचं नावच 'डिस्को' ठेवलं. करोनाची टाळेबंदी होती, स्टुडिओ बंद. तेव्हा घरात माइक लावून, संगणकावर आवाज कसा टिपायचा, कसा कापायचा, कसा जोडायचा, हे ती शिकली. संचावर गायिका म्हणून तिचं नाव आहेच, आवाज ध्वनिमुद्रित करणाऱ्यांच्या यादीतही आहे. चाळीस मिनिटांत दुसऱ्यांनी लिहिलेलं गाणं भराभर म्हणून निघून जाणारी पोरगी ती हीच.

हे वाचलं तेव्हा आमच्या यंत्रावर बसणाऱ्या ताई हसल्या. पहिल्यांदा बटणाला हात लावताना त्यांचा हात कापत होता आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही भिंतीला गोधड्या टांगल्या होत्या. त्या गोधड्या अजून तिथंच आहेत. आजचा कार्यक्रमही त्याच ताईंनी टिपला आहे.

गाणं ऐकायचं असेल तर मुलीच्या, सुनेच्या मोबाइलवर 'स्पिनिंग अराउंड' शोधायला सांगा. आणि चड्डीच्या भांडणात तुम्ही कोणाच्या बाजूच्या, ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी तुमची पत्रं वाचू.